कंबर धरली त्याला आठ महिने झाले : वाकणं, जेवण आणि झोप

गिरणाथडी, जळगाव | १० नोव्हेंबर

मार्चमध्ये दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, तयार झाली तेव्हा दोन दिवस सुटी काढून गावी गेलो होतो. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठाला आमची पाच एकर जमीन आहे, धाकटा भाऊ ती करतो. खळ्यावरून पोती ट्रॉलीत टाकत होतो. तीन चढवली. चौथ्याला हात घातला, उचलता उचलता थोडा डावीकडे वळलो आणि कमरेत अशी कळ गेली की श्वासच अडकला. तिथेच पोत्यावर आडवा झालो. भावाने आणि सालदाराने धरून खाटेवर नेलं. पुढचे चार दिवस कूस बदलायलाही कोणाचा तरी हात लागायचा.

वय ४६. जळगावला एका डाळमिलमध्ये हिशेब बघतो, म्हणजे नऊ तास खुर्ची. वजन तेव्हा ८४ होतं. दोन वर्षांपूर्वी एका जिममध्ये नाव घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुलाने खांद्यावर वजन देऊन बैठका काढायला लावल्या. कसं बसायचं ते दाखवलं नाही, वर पावडरचा डबा घ्या म्हणून मागे लागला. गुडघे सुजले, जाणं बंद झालं. व्यायाम आपल्याला मानवत नाही असं मनाशी धरून बसलो ते बसलोच.

कमरेसाठी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो त्यांनी पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र लावलं नाही. कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा काढला आणि माझ्या पाठीवर उभा धरायला लावला, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे : डोक्याच्या मागे, पाठीच्या दोन फऱ्यांमध्ये आणि माकडहाडावर. "आता वाका. तिन्हीपैकी एकही जागा सुटायला नको." मी वाकलो आणि माकडहाडावरचा दांडा लगेच सुटला. मग त्यांनी तळहाताची कड मांडी जिथे पोटाला मिळते तिथे दाबून धरायला सांगितली. "घडी इथे पडू द्या. बूड मागे न्या, मागच्या भिंतीला टेकवायचंय असं समजा. गुडघे थोडे सैल." वीस-पंचवीस वेळा चुकल्यावर एकदा जमलं. मांडीमागच्या शिरा ताणल्या आणि कमरेवर काहीच आलं नाही. इतकी वर्षं आपण चुकीच्या जागेतून वाकत होतो हे त्या एका वाकण्यात कळलं.

तेव्हापासून सकाळी चहाचं आधण ठेवलं की दांड्यासकट दहा वेळा वाकतो. पहिला महिना एवढंच केलं. दुसऱ्या महिन्यात मेहरूण तलावाला अर्धी फेरी, आता आठवड्यातले पाच दिवस पाऊण तास चालणं, आणि दोन दिवस घरी वजन घेऊन उठबस. वजन म्हणजे पाण्याचे पाच लिटरचे कॅन. आज ७७ किलो आहे. पण माझ्या मते खरी कमाई वेगळीच आहे : परवा भावाबरोबर पुन्हा पोती उचलली.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, जेवणात तर्री आणि पापड, आणि निम्म्या घरांत शेतीचं किंवा पाळीचं काम. अशा दिवसक्रमात तुम्ही काय बसवलं, काय टिकलं, काय सुटलं, ते मनापासून लिहा. मी सगळं वाचणार आहे.

पांझराकाठ, धुळे | १० नोव्हेंबर

गिरणाथडी भाऊ, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी फिजिओथेरपीच्याच व्यवसायात आहे, अकरा वर्षं झाली. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये खुर्चीवरचे जितके असतात तितकेच शेतातले आणि यंत्रमागावरचे असतात. "दिवसभर राबतो तरी कंबर का दुखते?" हा प्रश्न रोज ऐकते. राबण्याने शरीर थकतं हे खरं, पण एकाच बाजूने, एकाच तऱ्हेने हजारदा केलेली हालचाल शरीराला चौफेर ताकद देत नाही. ज्या स्नायूंना काम मिळत नाही ते ढिले पडतात आणि त्यांचा भार दुसरेच उचलतात.

तुमचं पोतं का नडलं तेही सांगते. तीन गोष्टी एकत्र आल्या : पाठ गोल, वजन अंगापासून लांब आणि त्यात वळण. पोतं आधी पोटाशी ओढून घ्यायचं, खुब्यातून आणि गुडघ्यातून खाली जायचं, उचलताना श्वास सोडायचा, आणि वळायचं तर कमरेतून न वळता पावलं टाकून अख्खं अंग वळवायचं. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, बीपी असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

एक गोष्ट सर्वांसाठी. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर व्यायाम बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

केळीबाग, सावदा | ११ नोव्हेंबर

केळीचा घड उतरवताना हेच होतं. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत न्यायचा, तोही नेहमी त्याच खांद्यावर. आमच्याकडच्या एका मजुराची मान एका बाजूला कललीय. आता एक फेरी उजवा, एक फेरी डावा असं ठरवून दिलं आहे. पहिले चार दिवस कुरकुर झाली, मग सवय लागली.

बोरीकाठ, अमळनेर | ११ नोव्हेंबर

मी शाळेत व्यायामशिक्षक होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. अजूनही सकाळी पाचला उठून २४ सूर्यनमस्कार, ३० जोर आणि ५० बैठका. वय ६७.

"योग म्हणजे योग आणि तालीम म्हणजे तालीम" अशी फारकत आता ऐकू येते, ती पाहून वाईट वाटतं. आमच्याच गावाचं उदाहरण देतो. पुढे स्वामी कुवलयानंद झालेले जगन्नाथ गणेश गुणे हे बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. मग ते अमळनेरला आले, खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवलं, १९१६ पासून इथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाची धुरा सांभाळली. नंतर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटातल्या दाबाचं काय होतं हे उपकरणं लावून मोजलं. तालमीतला माणूस, शिक्षक, योगी आणि मोजमाप घेणारा अभ्यासक, सगळं एकाच ठिकाणी होतं. अमळनेरच्या पोरांना हे ठाऊक नसतं, म्हणून मी दर वर्षी २१ जूनला सांगत आलो.

सूर्यनमस्काराबद्दल माझी एकच तळमळ आहे. संख्या मोजू नका. बहुतेक जण साष्टांगात जाताना धपकन खाली पडतात. छाती, हनुवटी, गुडघे सावकाश टेकवत जायला चार सेकंद लागले पाहिजेत. तिथेच दंड तयार होतात. आणि हस्तपादासनात तळवे टेकवायच्या हट्टापायी पाठीची कमान करतात. गुडघे वाकवा, काही बिघडत नाही. धागाकर्त्याने दांड्याची जी युक्ती लिहिली आहे, तीच इथे लागू.

बैठकांबाबत मात्र हल्ली "गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका" असं सांगतात. आमच्या तालमीतल्या बैठकीत टाच उचलते आणि गुडघा पुढे जातोच. त्याने पिढ्या घडल्या.

पांझराकाठ, धुळे | ११ नोव्हेंबर

सर, नमस्कार. गुडघ्याबाबत तुमचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणजे इजा झालीच असं काही नाही, जिना उतरताना तो रोज जातो. पण तालमीतली बैठक दहाव्या-बाराव्या वर्षापासून चढत्या मोजणीने केलेली असायची. पन्नाशीची, वजन वाढलेली, गुडघा सुजलेली बाई माझ्याकडे येते तिला मी ती बैठक पहिल्या दिवशी देत नाही. तिच्यासाठी खुर्ची. पाय खांद्याएवढे अंतर ठेवून, टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेला, आत कलू द्यायचे नाहीत. हात छातीवर घडी. सावकाश बसायचं, बूड टेकलं न टेकलं तोच उठायचं. दहा जमले की खुर्चीपेक्षा खाली असलेला पाट किंवा स्टूल. असं उतरत उतरत काही जणी सहा महिन्यांत पुन्हा उकिडव्या बसून भाकरी थापू लागल्या आहेत.

बोरीकाठ, अमळनेर | ११ नोव्हेंबर

ताई, हे पटलं. खुर्चीची पायरी मी शाळेत कधी वापरली नाही कारण समोर मुलं होती. घरी सौ.ला आजपासून तसंच सुरू करतो.

यावलची_लेक, पुणे | १२ नोव्हेंबर

जेवणाबद्दल लिहिते. मी आहारशास्त्र शिकले आणि शिकता शिकता माहेरच्या स्वयंपाकघराकडे नव्या डोळ्यांनी बघायला लागले.

कळण्याची भाकरी घ्या. तीन भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद, थोडं मीठ, एकत्र दळून आणायचं. धान्यात लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर; डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. दोन्ही एका भाकरीत आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्या आज्यांना ही नावं ठाऊक नव्हती, पण प्रमाण ठाऊक होतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम धरा. आता हिशेब : दिवसभरात दोनशे ग्रॅम कळण्याचं पीठ, त्यातून सुमारे २७ ग्रॅम. साठ ग्रॅम डाळीचं वरण, १३ ग्रॅम. पाव लिटर दूध किंवा त्याचं दही, ८ ग्रॅम. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे, ७ ग्रॅम. पंचावन्नपर्यंत गेलो, पावडरचा डबा उघडलाच नाही. अडचण अशी आहे की घरोघरी कळण्याच्या जागी मैद्याचे पाव आले आणि वरण पातळ झालं. गिरणाथडी दादा, तुम्ही डाळमिलमध्ये आहात आणि ताटात डाळ किती घेता हे एकदा मोजून पाहा, मनापासून सांगते.

आता जे जास्त होतं त्याबद्दल. शेवभाजीची तर्री. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे एका लहान चमच्याला चाळीसच्या वर. ताटलीत वर तरंगणारं तेल चार-पाच चमचे सहज असतं, शिवाय शेव स्वतः तळलेली. मी शेवभाजी सोडा असं कुणालाही सांगत नाही. महिन्यातून दोनदा खा, भाकरीबरोबर खा, शेजारी कांदा-मुळा-काकडी भरपूर घ्या. हिवाळ्यात भरिताचा हंगाम आहे : हिरवी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, ठेचलेली, त्यात कांद्याची पात आणि शेंगदाणे. फोडणीचं तेल निम्मं करा आणि पुरीऐवजी कळण्याची भाकरी घ्या, यापेक्षा चांगलं जेवण मी तरी कुणाला लिहून दिलेलं नाही. पापड, बिबडे, लोणचं, ठेचा या सगळ्यांचं मीठ मात्र एकत्र मोजायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, स्वयंपाकातलं धरून.

आणि पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ ची तपासणी एकदा जरूर करा. ते वनस्पतींमधून मिळत नाही. थकवा, पायांना मुंग्या, विसराळूपणा अशी लक्षणं असतील तर व्यायाम वाढवण्याआधी रक्त तपासा.

केळीबाग, सावदा | १२ नोव्हेंबर

ताई, केळीचं काय? आमच्याकडे कुणाला साखर निघाली की पहिलं केळं बंद करतात. बागेत राहून केळं न खाणं जिवावर येतं.

यावलची_लेक, पुणे | १२ नोव्हेंबर

शंभर ग्रॅम केळ्यात साधारण ९० कॅलरी आणि ३६० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. घाम गाळणाऱ्याला उत्तम. मधुमेह असेल तर लहान, फार न पिकलेलं एक केळं, मूठभर शेंगदाण्यांबरोबर, आणि दोन तासांनी साखर मोजायची. तुमचं शरीर काय म्हणतं ते मीटर सांगेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बुराईचं_शेत, शिंदखेडा | १४ नोव्हेंबर

राम राम भाऊ. आमनाकडे कपाशीनी येचनी चालू शे. बाकी मराठीतच लिहिते.

मी स्वतः वेचणीला जाते, आमच्या टोळीत नऊ जणी आहेत. पैसे किलोवर. म्हणून कुणी मान वर करत नाही. ओटी पोटाशी बांधलेली, भरत आली की सात-आठ किलो पुढे लोंबतात आणि आपण तशाच वाकलेल्या. संध्याकाळी घरी येऊन चुलीपुढे बसायचं म्हटलं की उठता येत नाही. माझी जाऊ दोन वर्षांपासून गोळ्या खाऊनच वेचते. वर खुब्यातून वाकायचं लिहिलंय ते आम्ही कापसात कसं करावं? तिथे तर दर हाताला वाकायचं असतं.

पांझराकाठ, धुळे | १४ नोव्हेंबर

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिलं, ओटी भरू देऊ नका. अर्धी झाली की रिकामी करायची. बांधापर्यंत चकरा वाढतील, पण त्या चकरांत पाठ सरळ होते, म्हणजे तोच विसावा. सरीच्या मध्यावर एक रिकामं पोतं ठेवलं तर चाल कमी होईल. दुसरं, झाडाच्या खालच्या बोंडांना गुडघे वाकवून, एक पाय पुढे ठेवून खाली जा. मधल्या बोंडांना खुब्यातून झुका आणि मोकळा हात मांडीवर टेकवा. तो टेकलेला हात पाठीचा बराच भार घेतो. पाय आलटून-पालटून पुढे. तिसरं, प्रत्येक सरी संपली की उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि सावकाश मागे झुकायचं, पाच वेळा. ज्यांना मागे झुकताना पायात कळ जाते त्यांनी हे करू नये.

आणि जावेला दाखवून घ्या. दोन वर्षं रोज वेदनाशामक गोळी ही मूत्रपिंडाला आणि जठराला महाग पडते.

भुसावळ_यार्ड | १५ नोव्हेंबर

रेल्वेत आहे, पाळी बदलत असते. व्यायाम मी करतो, जेवणही बरं आहे. माझं सगळं झोपेवर अडतं. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी यायचं आणि भुसावळच्या मे महिन्यात दुपारी झोपायचं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. दोन वर्षांपूर्वी अशी वेळ आली की अंथरुणावर पडलो की छातीत धडधड सुरू व्हायची. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, शरीर ड्युटीवरून उतरतच नाहीये.

शेवटी मला उपयोग झाला तो आळीपाळीने स्नायू आवळून सोडण्याचा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत शंभर वर्षांपूर्वी मांडली. मी कशी करतो ते सांगतो. पाठीवर पडायचं. उजव्या पायाची बोटं, पाऊल, पोटरी आवळायची, पाच सेकंद, मग एकदम सोडायची. सोडल्यावर वीस सेकंद काही करायचं नाही, फक्त तो पाय कसा जड होतोय ते बघायचं. मग डावा. मांड्या, बूड, पोट, मुठी, दंड, खांदे कानांपर्यंत, आणि शेवटी चेहरा : डोळे गच्च, जबडा घट्ट, सोडा. जबडा सोडला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी ड्युटीभर दात आवळून असतो. त्यानंतर श्वास, आत घेताना चार आकडे, सोडताना सहा. सोडणं लांबलं की नाडी उतरते. सुरुवातीला झोप यायला चाळीस मिनिटं लागली, पंधरा दिवसांनी मी चेहऱ्यापर्यंत पोचेचना.

बाकी बदल छोटे आहेत. खिडकीला जाड गोधडी टांगली, कूलरला रात्रीच पाणी भरून ठेवतो, आणि पाळी संपायच्या सहा तास आधी शेवटचा चहा. घरच्यांनी दुपारी दाराची बेल काढून ठेवली, त्यांचे उपकार आहेत. आता सहा-साडेसहा तास मिळतात. सात व्हायला हवेत, प्रयत्न चालू आहे.

बोरीकाठ, अमळनेर | १५ नोव्हेंबर

तुमचं वाचून शवासन कसं शिकवायला हवं होतं ते कळलं. आम्ही तासाच्या शेवटी दोन मिनिटं मुलांना "पडा" म्हणायचो. त्या दोन मिनिटांना पंधरा द्यायला हवी होती.

तोरणमाळची_वाट, नंदुरबार | १७ नोव्हेंबर

मी धडगाव भागात आरोग्यसेविका आहे. इथली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जिद्द एवढी की रिकाम्या पोटी, अनवाणी, चढावर पळतात. त्यांच्याकडे बघून ऊर भरून येतो आणि त्याच वेळी भीतीही वाटते.

कारण सिकलसेल. आमच्या भिल्ल, पावरा समाजात हा आजार बराच आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, खूप दमछाक झाली की पेशी जास्त वाकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. ज्याला आजार आहे त्याने हलका व्यायाम डॉक्टरांना विचारून करायचा. जो फक्त वाहक आहे त्याला एरवी काही जाणवत नाही, तो पळू शकतो, पण त्यानेही उन्हात, तहानलेला असताना, एकदम जीव तोडून पळायचं नाही. हळूहळू वाढवायचं, मध्ये थांबायचं, पाणी प्यायचं. पळताना स्नायू लुळे पडल्यासारखे झाले तर तिथेच बसायचं आणि दवाखान्यात न्यायचं.

१ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. माझी हात जोडून विनंती आहे : भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येकाने पोराला पळवायच्या आधी त्याचं सिकलसेलचं कार्ड बघावं.

घरी करायचं पाणी सगळ्यांनी पाठ करा : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

भरती_२६, शहादा | १७ नोव्हेंबर

ताई, मी वाहक आहे. आजच कळलं की पाणी न पिता पळणं इतकं धोक्याचं आहे. आम्ही तर पाणी प्यायलो की पोटात कळ येते म्हणून टाळतो. अजून एक, नडगीच्या आतल्या बाजूला दोन आठवड्यांपासून दुखतंय. सर म्हणतात पळून पळून जाईल.

पांझराकाठ, धुळे | १७ नोव्हेंबर

पळून पळून जाणार नाही, वाढेल. अचानक अंतर वाढवलं, डांबरी रस्ता, झिजलेले बूट, यांतून हे होतं. दहा दिवस पळणं बंद, चालणं आणि सायकल चालेल. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश, पंधराचे तीन वेळा. बोटाने दाबल्यावर हाडाच्या एकाच ठिपक्यावर सणक येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर एक्स-रे काढायला जा, हाडाला बारीक चीर असू शकते. परत सुरू करशील तेव्हा मातीच्या मैदानावर, एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. आणि पाणी पळायच्या दोन तास आधी दोन पेले, मग घोट घोट. कळ येते ती एकदम ढोसल्याने.

मनाचा_अभ्यास, विद्यापीठ परिसर, जळगाव | १९ नोव्हेंबर

"एकवीस दिवसांत सवय लागते" असं सगळीकडे फिरत असतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकला तर गाडी फारशी मागे जात नाही, हेही त्यात दिसलं. गिरणाथडी यांनी चहाच्या आधणाला व्यायाम बांधला, तेच यातलं मर्म आहे. रोज न चुकता घडणाऱ्या गोष्टीला नवी गोष्ट जोडली की आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

गडाची_पायवाट, धुळे | २० नोव्हेंबर

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचा यंदा विचार आहे. चार-पाच दिवसांची चाल. गेल्या वर्षी तयारी न करता गेले, दुसऱ्या दिवशी पायांना फोड आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोत. देवीला सांगून आलेय की या वेळी चालतच येईन. आजपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत साडेचार महिने आहेत. रोज तीन किलोमीटरपासून सुरुवात करते आहे. चालेल?

पांझराकाठ, धुळे | २० नोव्हेंबर

उत्तम. दर आठवड्याला एका दिवसाचंच अंतर वाढवा, बाकीचे दिवस तेवढेच. फेब्रुवारीपर्यंत सलग दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर जमले पाहिजेत, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीची असते. चपला-बूट आताच घ्या आणि त्यांतच चाला. आठवड्यातून दोनदा पायरी चढण्या-उतरण्याचा व्यायाम, शेवटी गड आहे. आणि एप्रिलमध्ये पहाटे तीन-चारला निघून दहाच्या आत मुक्काम गाठायचा.

गिरणाथडी, जळगाव | २४ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. यावलची लेक, तुमचं ऐकून रविवारी डाळ तराजूत तोलली. चौघांच्या वरणाला आम्ही ऐंशी ग्रॅम टाकत होतो! आता दोनशे टाकतो, वरण भाकरीवर थांबतं. कळणं दळून आणलं आहे. धाकटी कुरकुरली, मग लसणाच्या चटणीबरोबर दोन खाल्ल्या.

आईला खुर्चीचा व्यायाम सुरू केला. वय ७३. पहिल्या दिवशी हात टेकवल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही. खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, मग चार वेळा जमलं. काल एक उशी काढली.

बुराईचं_शेत, शिंदखेडा | २९ नोव्हेंबर

सांगायचं होतं म्हणून आले. सरीच्या मध्यावर पोतं ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी माझा कापूस दोन किलोने कमी भरला, बाकीच्या म्हणाल्या हे परवडणार नाही. तिसऱ्या दिवशी बरोबरीत आला, कारण दुपारनंतर हात मंदावले नाहीत. आता नवातल्या सहा जणी अर्ध्या ओटीलाच रिकामी करतात आणि सरी संपली की सगळ्या एकदम मागे झुकतो. मुकादम विचारत होता काय चाललंय, त्यालाही करून दाखवलं.

जावेला सोमवारी धुळ्याला घेऊन जाते आहे. ताई, येताना तिचे जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटं सोबत आणायची ना?

पांझराकाठ, धुळे | २९ नोव्हेंबर

हो, पाकिटं नक्की आणा, रिकामी असली तरी. आणि तुमची ओटीही आणा. ती कुठे बांधता ते मला बघायचंय.